काफिला, कारवान, तांडा : शब्दांचा प्रवास आणि माणसांचा इतिहास

'काफिला' हा शब्द वर्गात उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र उभे राहते : वाळूचे डोंगर, उंटांची रांग आणि त्यांच्या गळ्यातील घंटा. चित्रपटांनी, गझलांनी आणि पाठ्यपुस्तकातील रेशीम मार्गाच्या नकाशाने हे चित्र आपल्या मनावर ठसविले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या चित्रात उंट दिसतात, माणसे दिसत नाहीत. काफिल्यात कोण चालत होते, माल कोणाचा होता, रक्षण कोण करीत होते, आणि कोण स्वेच्छेने चालत होते व कोण दोरखंडाने बांधून नेले जात होते, हे प्रश्न त्या चित्रातून निघत नाहीत. शिवाय आपल्या दख्खनमध्ये शतकानुशतके धान्य व मीठ वाहणारा बैलांचा तांडा त्या चित्रात मुळीच नसतो.

प्रस्तुत लेखात काफिला या संस्थेचे काही प्रमुख प्रकार, त्यांची अंतर्गत रचना, त्यांचा शेवट आणि त्यांनी भाषेत ठेवलेल्या खुणा यांचा विचार करावयाचा आहे. इतिहास, भूगोल, उर्दू आणि मराठी शिकविणाऱ्या अध्यापकांना हा विषय एकत्र शिकविता येईल, असे वाटते.

१. शब्दांचे कूळ

काफिल्यासाठी भारतीय भाषांत तीन निरनिराळ्या परंपरांतून शब्द आले आहेत. संस्कृतात 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा समूह व त्याचा पुढारी 'सार्थवाह'. महाभारतातील नलोपाख्यानात वनात एकटी पडलेली दमयंती अशाच एका सार्थाच्या आश्रयाला जाते, आणि रानटी हत्तींच्या कळपाने तो सार्थ तुडविला जातो. जातककथांत तर सार्थवाह हे नेहमीचेच पात्र आहे. डॉ. मोतीचंद्र यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्थवाह' या हिंदी ग्रंथात या परंपरेचा सविस्तर मागोवा घेतला आहे.

'कारवान' हा फारसी शब्द. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेतही तो होता. त्याला 'सराय' जोडून 'कारवानसराय' झाले. हाच शब्द इटालियन व फ्रेंच भाषांतून इंग्रजीत गेला आणि एकोणिसाव्या शतकात तिथे त्याचा शेंडा तोडून 'व्हॅन' उरली. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना शाळेत सोडणारी व्हॅन ही शब्दाच्या नात्याने कारवानचीच वंशज आहे.

'काफिला' हा अरबी शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्याचा धातू 'क-फ-ल' असून त्याचा अर्थ 'परतणे' असा आहे. मग निघालेल्या जथ्यालाही 'परतणारा' का म्हणावे? अरबी कोशकारांत यावर चर्चा झाली. काहींच्या मते हा शब्द केवळ परतीच्या जथ्यालाच लागू होता. इतरांनी असे उत्तर दिले की, निघणाऱ्यांनाही 'काफिला' म्हणणे हा शुभशकून आहे. जाणारे परत येवोत, ही इच्छा नावातच बांधली आहे. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात, त्याच्याशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. ज्या प्रवासातून परत येण्याची खात्री नव्हती, त्या प्रवासाचे हे नाव आहे.

कुरआनात मात्र 'काफिला' हा शब्द आढळत नाही. तेथे या अर्थाने 'ईर', 'सय्यारा' आणि 'रकब' असे शब्द येतात. सूरह यूसुफमध्ये विहिरीतून बालकाला बाहेर काढणारे वाटसरू हे 'सय्यारा' आहेत. त्यांनी त्याला वाचविले आणि विकलेही. काफिल्याचे दोन्ही चेहरे या एकाच प्रसंगात दिसतात. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील प्रवासांचा उल्लेख असून भाष्यकारांनी ते येमेन व शामकडील व्यापारी प्रवास मानले आहेत. मक्केच्या या व्यापाराचे स्वरूप काय होते, यावर आधुनिक संशोधकांत मतभेद आहेत. मॉन्टगोमेरी वॅट यांनी १९५३ मध्ये मक्का हे मोठे व्यापारी केंद्र मानून मांडणी केली. पॅट्रिशिया क्रोन यांनी १९८७ मध्ये त्या मांडणीला आव्हान दिले आणि मक्केचा व्यापार मसाले-सुगंधी द्रव्यांचा नसून कातडी, कापड अशा साध्या वस्तूंचा असावा, असे म्हटले. अध्यापकांनी ही दोन्ही मते विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. साध्या वस्तूंचा व्यापार म्हणजे कमी महत्त्वाचा व्यापार, असे समजण्याचे कारण नाही. दख्खनच्या तांड्यांकडे वळल्यावर हा मुद्दा स्पष्ट होईल.

२. चालती संस्था

काफिला ही केवळ गर्दी नव्हती. त्याला एक प्रमुख असे. अरबीत तो 'अमीर', फारसीत 'काफिला-सालार', तुर्की प्रदेशांत 'कारवानबाशी'. वाट दाखविणारा 'दलील' असे. निघण्याची तारीख, पाण्याचे वाटप, रात्रीचा पहारा, वाटेतील टोळ्यांना द्यावयाची रक्कम, मेलेल्या प्रवाशाच्या मालाची व्यवस्था, या सर्व बाबी ठरलेल्या असत.

वाहन म्हणून उंटाची निवड ही मागासलेपणाची खूण नव्हती. रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, मध्यपूर्वेत पूर्वी चाकाच्या गाड्या होत्या, पण उंट स्वस्त पडल्यामुळे त्या मागे पडल्या. उंटाला रस्ता बांधून द्यावा लागत नाही, पूल लागत नाही, आणि तो वाटेतील काटेरी झुडपांवर जगतो. चाकाची गाडी टाकून दिली गेली ती हिशेब करून.

काफिल्याचा फिकहशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. प्रवाशाला नमाज कमी करण्याची (कस्र) सवलत किती अंतरावर मिळते, हे ठरविताना हनफी फकीहांनी तीन दिवसांच्या प्रवासाचे माप धरले, आणि तो प्रवास उंटाच्या व पायी चालणाऱ्या माणसाच्या मध्यम चालीचा मानला. म्हणजे काफिल्याचा वेग हे कायद्याचे माप झाले. तीच गोष्ट भागीदारीची. 'मुदारबा' या करारात एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात, नफा ठरल्याप्रमाणे वाटला जातो, आणि वाटेत निष्काळजीपणाशिवाय नुकसान झाले तर ते भांडवल देणाऱ्याने सोसावयाचे असते. श्रमणाऱ्याचे श्रम वाया जातात, पण तो कर्जबाजारी होत नाही. हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन हजरत मुहम्मद (स.) शामला गेले, तो व्यवहार याच जातीचा होता.

३. सराई : मुक्कामाची जबाबदारी

काफिला चालतो तो मुक्कामांच्या भरवशावर. अनातोलियात सेल्जुक सुलतानांनी तेराव्या शतकात दगडी सराया बांधल्या. त्यांपैकी अक्सरायजवळचा 'सुलतान हान' १२२९ चा आहे. या सरायांमध्ये प्रवाशाला तीन दिवस विनामूल्य राहता येत असे. कैसेरीजवळच्या करताय सराईचे वक्फनामे उपलब्ध आहेत. प्रवासी मुसलमान असो वा नसो, स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र असो वा गुलाम, त्याला सारखेच अन्न द्यावे, अशी तरतूद त्यांत आहे. वक्फ ही संकल्पना आज केवळ मशिदी व कब्रस्तानांच्या वादापुरती लोकांसमोर येते. अशा वेळी हा वक्फनामा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगा आहे.

हिंदुस्थानात शेरशाह सूरने (राज्यकाळ १५४०-१५४५) दर दोन कोसांवर एक याप्रमाणे १,७०० सराया बांधल्याचे अब्बास खान सरवानी या अफगाण इतिहासकाराने लिहिले आहे. त्यांत हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी पाणी व अन्नाची स्वतंत्र सोय होती, असेही तो सांगतो. आकडा जसाच्या तसा स्वीकारला नाही तरी प्रवाशाची सोय व सुरक्षा हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले जात होते, एवढे यातून निश्चित कळते.

४. हजचे काफिले

सर्वांत मोठे व सर्वांत शिस्तबद्ध काफिले हजचे होते. कूफाहून मक्केला जाणाऱ्या मार्गावर हारून अल-रशीदच्या पत्नी जुबैदा (मृत्यू इ.स. ८३१) यांनी विहिरी व तलाव बांधून घेतले. म्हणून तो मार्ग आजही 'दर्ब जुबैदा' या नावाने ओळखला जातो. पुढे कैरो व दमास्कस ही दोन प्रमुख प्रस्थानकेंद्रे झाली. इब्न बतूता १३२५ मध्ये तंजा (टँजिअर) येथून निघाला आणि १३२६ मध्ये दमास्कसच्या काफिल्याबरोबर हिजाजला पोहोचला. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला. त्याच्या काफिल्याने तेथे इतके सोने खर्च केले की, त्यानंतर बारा वर्षांनीही सोन्याचा भाव सावरला नव्हता, असे अल-उमरीने नोंदविले आहे.

उस्मानी काळात दमास्कसचा काफिला ही राज्याच्या प्रतिष्ठेची बाब होती. वाटेवर गढ्या व पाण्याची टाकी होती, आणि मार्गावरील बदूइन टोळ्यांना दरवर्षी रक्कम दिली जाई. ही रक्कम म्हणजे खंडणी, असे सहज म्हणता येईल. पण टोळ्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या पाण्याचा, उंटांचा व वाटाड्यांचा मोबदला होता. १७५७ मध्ये ही व्यवस्था कोसळली. दमास्कसचा अनुभवी सुभेदार असद पाशा अल-अज्म याला त्याच वर्षी हलविण्यात आले होते, नव्या सुभेदाराचे टोळ्यांशी बिनसले, दुष्काळही होता. हजहून परतणाऱ्या काफिल्यावर बनू सख्र व इतर टोळ्यांनी हल्ला केला. हजारो यात्रेकरू मारले गेले किंवा तहानेने व उष्म्याने वाटेत मेले. 'परतणारा' हे नाव धारण करणारा तो काफिला परत पोहोचलाच नाही.

हिंदुस्थानातून हजचा प्रवास समुद्रमार्गे होता, पण बंदरापर्यंत काफिलाच असे. बाबरची कन्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सीक्रीहून शाही स्त्रियांच्या काफिल्यासह निघाली. सुरतेला पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला सुमारे वर्षभर थांबावे लागले. चार हज करून, एडनजवळ जहाज फुटण्याचे संकट सोसून, ती १५८२ मध्ये परतली. सम्राटाच्या आत्यालाही परवान्यावाचून समुद्र ओलांडता आला नाही, ही बाब पुढच्या एका मुद्द्याकडे नेते. त्याआधी सहारा वाळवंटाकडे वळले पाहिजे.

५. मीठ, सोने आणि गुलाम

सहारा वाळवंटाच्या दोन टोकांना दोन गरजा होत्या. दक्षिणेला सोने होते, पण मीठ नव्हते. वाळवंटाच्या मध्यात मिठाच्या खाणी होत्या. इब्न बतूता १३५२ मध्ये सिजिलमासाहून काफिल्याबरोबर निघून पंचवीस दिवसांनी तगाजा येथे पोहोचला. तेथील घरे व मशीद मिठाच्या लाद्यांची असून छपरे उंटाच्या कातड्याची होती. पुढच्या निर्जल टप्प्यासाठी मसूफा जमातीचा एक 'तक्शीफ' एकटाच पुढे पाठविला जाई. त्याने वलाता गावी पोहोचून निरोप दिला की तेथील लोक चार दिवसांची वाट चालून पाणी घेऊन काफिल्याला सामोरे येत. तक्शीफ वाटेत मेला तर मागून येणारा काफिला संपूर्णपणे किंवा बहुतांश नष्ट होई. हजारो दिनारांचा माल आणि शेकडो जीव एका माणसाच्या पायांवर अवलंबून असत. पुढे तगाजाची जागा तौदेनीच्या खाणींनी घेतली. तेथून तिंबुक्तूला मीठ आणणारे उंट विसाव्या शतकातही चालत होते आणि पुढे मालमोटारी त्या वाटेवर आल्या.

पण याच प्रवाशाने १३५३ मध्ये परतताना ज्या काफिल्याची सोबत धरली, त्यात सुमारे सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. त्याने ही नोंद निर्विकारपणे केली आहे. आपण ती निर्विकारपणे वाचता कामा नये. काफिल्यांच्या गौरवगाथेत हा भाग बहुधा गाळला जातो. मध्ययुगीन जगात सर्वच समाजांत गुलामी होती, हे खरे. परंतु विद्वत्ता, सोने आणि मीठ ज्या वाटेने आले त्याच वाटेने बांधलेली माणसेही आली, हे सांगितल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही. दख्खनच्या इतिहासाशी याचा थेट धागा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि अनेक हातांतून दख्खनला पोहोचला. खडकी शहर (पुढे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) वसविणारा हा मुत्सद्दी गुलामांच्या व्यापारातूनच इकडे आला होता. त्याच्याबरोबर निघालेल्या इतरांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

६. समुद्रावरचा काफिला

गोव्यातील अध्यापकांना हा शब्द पोर्तुगीज कागदपत्रांत 'काफिला' याच रूपात भेटेल, मात्र उंटांसाठी नव्हे, गलबतांसाठी. सोळाव्या व सतराव्या शतकांत गोवा व खंबायत यांच्या दरम्यान व्यापारी गलबते समूहाने जात, आणि पोर्तुगीज लढाऊ नौका त्यांच्या सोबत असत. कधी या ताफ्यात शेकडो गलबते असत. कानडा किनाऱ्यावरून गोव्याला तांदूळ आणणारे काफिलेही असेच चालत. त्यांच्यावाचून गोवा शहराचे पोट भरत नसे.

हे रक्षण कोणापासून होते? मलबारच्या व इतर समुद्री लढवय्यांपासून, ज्यांना पोर्तुगीज चाचे म्हणत. पण जो रक्षण करीत होता तोच 'कार्ताज' नावाचा परवाना नसलेले गलबत जप्तही करीत होता. काफिल्यात सामील होणे हे संरक्षणही होते आणि सक्तीही होती. गलबतांना पोर्तुगीज बंदरांत थांबून जकात भरावी लागे. खुल्या समुद्रावर अशी मालकी सांगण्याची प्रथा त्यापूर्वी या किनाऱ्यावर नव्हती. गुलबदन बेगमेचा सुरतेतील खोळंबा याच व्यवस्थेमुळे झाला. अरबी भाषेतला सदिच्छेचा शब्द येथे वसुलीच्या यंत्रणेचे नाव झाला.

७. दख्खनचे तांडे

आता आपल्या घरच्या काफिल्याकडे येऊ. दख्खनमधील व्यापारी मार्ग प्राचीन आहेत. इ.स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर (तेर) येथून भडोचला माल गाड्यांतून, मोठ्या बिकट वाटांनी जात असल्याचा उल्लेख आहे. नाणेघाटातील दगडी रांजण जकातीचा असल्याचे परंपरेने सांगितले जाते.

मोगल व आदिलशाही-कुतुबशाही काळात जड मालाची वाहतूक प्रामुख्याने बंजाऱ्यांच्या, म्हणजेच लमाणांच्या, हातात होती. 'लमाण' हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून, आल्याचे सामान्यतः मानले जाते. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ मध्ये वाटेत धान्य वाहणारा १४,००० बैलांचा तांडा भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. बायका-मुले, घरसामान सारे बरोबर असे. दिवसाची मजल सहा-सात मैलांची. तांड्याचा पुढारी 'नाईक' असे.

ही चाल मंद वाटते, पण तिच्यामागे पक्का हिशेब होता. बैल वाटेवरच्या कुरणांत चरत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च नव्हता. पाठीवर गोणी असल्याने गाडीरस्ता लागत नसे, घाट चढता येत. प्रा. इरफान हबीब यांनी दाखविल्याप्रमाणे या स्वस्त वाहतुकीमुळेच धान्य, डाळी, मीठ, साखर यांसारखा कमी किमतीचा व जास्त वजनाचा माल दूरवर नेणे परवडत होते. रेशीम व केशर श्रीमंतांसाठी असते. तांड्याचा माल गरिबाच्या ताटातला होता. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचते की नाही, हे तांडा येतो की नाही यावर अवलंबून असे.

फौजांची रसदही तेच पुरवीत. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत आसफ खानाने जंगी व भंगी या दोन नाईकांना ताम्रपट दिला, अशी कथा बंजारा परंपरेत सांगितली जाते. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीची फौज बंजाऱ्यांच्या धान्यावर चालली. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना ते माल विकत, आणि दोन्ही बाजूंना त्यांची गरज असल्यामुळे त्यांना सहसा धक्का लावला जात नसे.

हैदराबादेत तर काफिल्याचे नाव पेठेलाच आहे. गोवळकोंडा किल्ला आणि चारमिनार यांच्या मध्ये, मुसी नदीवरील पुराना पुलाच्या (१५७८) बाजूला 'कारवान' ही वस्ती आहे. व्यापाऱ्यांच्या व जवाहिऱ्यांच्या उतरण्याची ही जागा. येथील टोली मशीद १६७१ ची. आज तो विधानसभेचा मतदारसंघ आहे आणि त्याचे नाव दर निवडणुकीत ऐकू येते, पण अर्थ क्वचितच कोणी विचारतो.

८. काफिला थांबला तेव्हा

भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये व थळ घाटातील १८६५ मध्ये खुला झाला. धान्य, कापूस व मीठ रेल्वेने जाऊ लागले. जे काम तांडा महिनोन्महिने करी ते आगगाडी दोन दिवसांत करू लागली. दमास्कस-मदीना मार्गावरही हेच घडले. १९०० मध्ये सुरू झालेली हिजाज रेल्वे १९०८ मध्ये मदीनेला पोहोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातील मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. उंटावरची सुमारे चाळीस दिवसांची वाट चार-पाच दिवसांवर आली. यात्रेकरूंचे हाल कमी झाले, हे निश्चित. पण उंट पुरविणाऱ्या टोळ्यांचा रोजगार गेला आणि त्यांचा विरोधही रेल्वेला सोसावा लागला.

दख्खनच्या तांड्यांच्या वाट्याला याहून कठोर दैव आले. काम गेले, फिरणे उरले. आणि ज्या राज्याला फिरणाऱ्या माणसाची गरज उरली नाही, त्याला तो संशयित वाटू लागला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांतही लागू होण्याची वाट मोकळी झाली. काही लमाण गटही त्याच्या कक्षेत आले. ज्यांच्यावर कोट्यवधींच्या धान्याचा भरवसा टाकला जात होता, त्यांच्या नातवंडांना पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागली. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. बंजारा समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही त्या पुढच्या प्रवासातली महत्त्वाची नोंद.

सीमाभागातील अध्यापकांच्या तर हे रोजच्या पाहण्यात आहे. एकाच बोलीचा, एकाच सेवालाल महाराजांना मानणारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगण व आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत मोडतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली आणि त्यासाठी मोर्चे निघाले. त्या मागणीवर मत देणे हा या लेखाचा विषय नाही. पण ज्यांची वाट कधीकाळी या तिन्ही प्रदेशांना जोडीत होती, त्यांच्याच मुलांना सीमारेषा तीन नावांनी ओळखतात, हे इतिहास शिकविणाऱ्याने लक्षात घ्यावे.

९. भाषेतला आणि मनातला काफिला

काफिला गेला, तरी त्याचे सामान मराठीत राहिले आहे. 'मजल दरमजल' मधील मजल म्हणजे अरबी 'मंजिल', एका दिवसाची वाट. 'मुक्काम', 'रसद', 'हमाल' हे शब्द याच कुळातले. वाहनांचा 'ताफा' अरबी 'ताइफा'वरून आला. 'रहदारी' म्हणजे आज वाहनांची ये-जा. मोगल काळात मात्र ती वाटेवर घेतली जाणारी पट्टी होती, आणि औरंगजेबाने कारकिर्दीच्या आरंभी ती रद्द केल्याचे फर्मान काढले होते. 'जकात' या शब्दाची कथा तर आपल्या वाचकांना विशेष वाटेल. व्यापारी मालावरील जकात वाटेवरच्या नाक्यांवर 'आशिर' नावाचा अधिकारी वसूल करी, याची चर्चा फिकहच्या ग्रंथांत आहे. त्यावरून मराठीत शहराच्या वेशीवरील कोणत्याही करास 'जकात' म्हटले जाऊ लागले. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. नाके गेले, थांब्यांची नावे राहिली.

उर्दू काव्यात कारवान हे सामूहिक वाटचालीचे प्रतीक झाले. मागे राहिलेला वाटसरू, उडालेली धूळ, वाट दाखविणारा व वाट लुटणारा ही त्यातली नेहमीची पात्रे. इकबाल यांच्या १९२४ च्या 'बांग-ए-दरा' या संग्रहाच्या नावाचा अर्थच काफिल्याच्या घंटेचा नाद असा आहे. पण या शब्दाला दुःखाची बाजूही आहे. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या शोकांतिकेनंतर हजरत जैनब (र.) व इमाम हुसेन (र.) यांच्या कुटुंबातील स्त्रिया-मुलांना कैद करून कूफा व दमास्कसला नेण्यात आले. मर्सियांतून तो कैद्यांचा काफिला दख्खनच्या गावोगावी परिचित झाला. १९४७ मध्ये पंजाबात दोन्ही बाजूंनी पायी निघालेल्या लाखो निर्वासितांच्या रांगांनाही लोकांनी 'काफिला'च म्हटले. परतणे ज्यांच्या नशिबी नव्हते, त्यांना हे नाव मिळावे, हा भाषेचा क्रूर योगायोग म्हणावा लागेल.

मराठी मनाला काफिल्याची रचना समजावून द्यावयाची असेल तर वारीकडे बोट दाखवावे. हेतू व श्रद्धा भिन्न आहेत. तुलना केवळ रचनेची आहे. दिंड्यांचा क्रम, ठरलेले मुक्काम, चोपदारांची शिस्त, पाण्याची व अन्नाची गावोगावी होणारी सोय हे सारे तेथे आजही जिवंत आहे. आळंदीच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्तबद्ध रूप दिले, आणि त्या सोहळ्यातील माउलींचा अश्व आजही बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतो.

१०. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, काफिला ही वाळवंटाची नव्हे तर असुरक्षित वाटेची निर्मिती आहे. वाट वाळूची असो, समुद्राची असो वा घाटाची, एकट्याला जाणे शक्य नसते तेथे माणसे करार करून एकत्र चालतात. दुसरी, रक्षण आणि नियंत्रण यांच्यातील अंतर फार थोडे असते. करतायचा वक्फनामा आणि पोर्तुगीजांचा कार्ताज ही त्याची दोन टोके. तिसरी, काफिल्याच्या वैभवाचे श्रेय राजांना व व्यापाऱ्यांना मिळाले, पण त्याचे ओझे तक्शीफ, उंटवाले, गुलाम आणि लमाण यांनी वाहिले.

अध्यापकांना एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील जुन्या सराया, धर्मशाळा, जकातनाके, घाटवाटा आणि 'तांडा' हे नाव असलेल्या वस्त्या यांची यादी करून ती नकाशावर मांडावी. तांड्यातील वृद्धांना त्यांच्या आजोबांनी कोणत्या वाटेने, कोणता माल नेला हे विचारावे आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. हे सांगू शकणारी पिढी आता थोडीच उरली आहे. रेशीम मार्गाचा नकाशा कोणत्याही पुस्तकात मिळेल, पण मिठाच्या गोण्या घेऊन आपल्या गावावरून गेलेल्या बैलांची वाट कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ती नोंदविण्याचे काम आपल्याच महाविद्यालयांना करावे लागेल.